रातपाळीची एकुलती कॅसेट

राखीच्या मोबाइलात एक यादी आहे. यादीचं नाव ‘लागोपाठ दोन’. राखी माझ्या पुतण्याची, देवानंदची मुलगी. अमरावतीला कॉलेजात शिकते. सुटीत आमच्या बंजारा तांड्यावर आली की ओट्यावर माझ्याशेजारी बसते आणि त्या यादीवरून मैत्रिणींशी फोनवर भांडते. कोणत्या रॉक बँडनं एकामागोमाग एक असे दोन अल्बम काढले की दोन्ही अस्सल निघाले, याची ती यादी. बहुतेक नावं विलायती. मला ती तोंडात धरता येत नाहीत.

“मधात तिसरा अल्बम आला की जोडी बाद,” ती मला नियम समजावून सांगते. “एक चांगला कोनालेबी जमते, आबाजी. पहिल्या खेपेले मानूस जलमभर साठवलेलं ओतते. दुसऱ्या खेपेले डबा खाली असते. तवाच समजते बँडात दम हाय का नाई.”

“पडीत जमीनबी पहिल्या वर्षी अशीच पिकते,” मी म्हणालो.

“हां! बराबर. तुमाले समजलं, माह्या रूममेटले नाई समजत.”

त्या यादीत सातव्या नंबरवर एक नाव मराठीत आहे. जळकी डीपी. त्यापुढे लिहिलंय, दिवसपाळी. आणि त्याच्यापुढे जागा रिकामी आहे.

ती रिकामी जागा माझ्यामुळे आहे. हे लिहायला मला सव्वीस वर्षं लागली. त्यातली चोवीस वर्षं मला लिहिताच येत नव्हतं, पण बोलता तर येत होतं.

‘जळकी डीपी’ हा देवानंदचा बँड. आमच्याकडे शेताला लाइट देणारी डीपी जळली की पंधरा पंधरा दिवस कोणी फिरकत नाही, म्हणून पोरांनी थट्टेनं ते नाव ठेवलं. देवानंद गिटार वाजवून गायचा. ड्रम कामरगावच्या विकासकडे. जाड तारांची दुसरी गिटार वाजवायला रिठदचा मुन्ना होता, तो पुढे सैन्यात गेला. देवानंदचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, लवकर गेला. देवा माझ्याच घरात वाढला. विकासही अर्धा आमच्याच घरचा होता. माझी बायको नानीबाई त्याला भाकर वाढताना म्हणायची, “तू ढोल बडवून बडवून हाडकला रे, खाय दोन घास जास्त.”

पहिली कॅसेट अठ्ठ्याण्णव साली निघाली, तिचं नाव ‘दिवसपाळी’. अकोल्यात भजनं भरायचा एक स्टुडिओ होता, तिथं भरली. आमच्या शेतांना एक आठवडा दिवसा लाइट आणि एक आठवडा रात्री, म्हणून पहिली दिवसपाळी आणि दुसरीचं नाव आधीच ठरलेलं, रातपाळी. दिवसपाळीच्या तीनशे कॅसेट खोक्यांतून आल्या. चाळीसेक खपल्या असतील. बाकीच्या देवानं तांड्यात वाटून टाकल्या. “ऐका नाई तर भरा काईबी,” तो हसून म्हणायचा.

तांड्यानं भरलं. कॅसेटीच्या पाठीवर दोन बारीक खिट्ट्या असतात. त्या तोडलेल्या असल्या की टेपचं भरायचं बटन दाबलं जात नाही. पण भोकात कागदाचा बोळा कोंबला की दाबलं जातं. हे आमच्याकडे लेकराबाळांना ठाऊक होतं. होळीची लेंगी गाणी, भजनं, सरपंचाचं भाषण, सगळं दिवसपाळीवर चढलं. शेजारच्या हेमसिंगनं तर म्हशीचा सौदा भरून ठेवला होता, पुढचा फिरू नये म्हणून. देवानंद कोणावर रागावला नाही. त्याचं सगळं लक्ष रातपाळीवर होतं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात माझ्या मुलीचं, रीताचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी विकास सायकलवर आला. मांडव घालणं चालू होतं, देवानंद भांडी आणायला कारंजाला गेला होता. विकासनं खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

“काका, ही देवाच्या हातात द्या. हातातच हां.”

“देतो ना. तू उद्या ये लग्नाले.”

“उद्या माह्या मामाकडं बी लग्न हाय. परवा येतो, उरलेली बुंदी खायाले.”

मी कॅसेट टेपच्या पेटीत टाकली. तिच्यावर काही लिहिलेलं होतं. मला अक्षर येत नव्हतं. मला कॅसेट म्हणजे कॅसेट. दिवसपाळीच्या तीनशे आल्या होत्या, हिच्याही कुठंतरी तीनशे असतील, आणि ही त्यातली एक, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मग आचारी मीठ कमी पडलं म्हणून ओरडायला लागला आणि मी विसरलो.

आमच्यात मुलगी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, सुरात. बापाला वेगळं, आईला वेगळं, भावाला वेगळं, दारच्या निंबालाही. आई तिला सुरातच उत्तर देते. नानीसारखा ढावलो पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. मला तो भरून घ्यायचा होता. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जायचो, सहा महिने पालात राहायचो. तिथं लेकीचा आवाज सोबत असावा असं मनात होतं. त्यासाठी कोरी कॅसेट आणून ठेवली होती. रीतानं माझ्या गळ्यात हात टाकले, पहिला सूर लावला आणि टेपनं कॅसेट गिळली. फीत बाहेर लोंबायला लागली.

मी तिचे हात सोडवले. बापाच्या गळ्यातून लेकीचे हात सोडवून मी पेटीकडे पळालो. हाताला लागली ती कॅसेट घातली. बटन दाबेना. पाठ बघितली, दोन्ही खिट्ट्या तोडलेल्या. लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला, बोळे केले, कोंबले. बटन दाबलं गेलं. एक बाजू संपल्यावर मीच उलटी करून लावली.

इथपर्यंत माझी चूक होती. चुकीला कोणी काही म्हणालं नसतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद ओट्यावर आला. मी टेप लावायच्याच बेतात होतो.

“काका, इकासनं काई देलं काय?”

“कायचं?”

“रातपाळीची कॅसेट. एकच हाय, काका. स्टुडिओवाल्यानं मूळची मोठी फीत पुसून त्यावर दुसऱ्याची भजनं भरली. हे घेऊन मी उद्या पुन्याले जाऊन राह्यलो. कंपनीवाला ऐकतो म्हने.”

त्याचा चेहरा असा होता की अजून डोळ्यांपुढे येतो. नवा सदरा घालून आला होता. काल मी कशावर भरलं ते मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडून निघालं, “नाई बाप्पा. मले कोनी काई नाई देलं.”

एवढंच. घरात पाहुणे होते, लेक नुकतीच गेली होती. संध्याकाळी सांगू असं मी स्वतःला म्हणालो. पण दुपारीच देवानंद कामरगावला गेला. विकास म्हणाला, काकाच्या हातात दिली. देवा म्हणाला, माझा काका खोटं बोलत नाही. मग बसस्टँडवर सगळ्यांसमोर देवानं त्याला मारलं. तूच विकली, तूच दुसऱ्या बँडला दिली, असं बोलला. विकासनं हात उचलला नाही. हे मला हेमसिंगनं येऊन सांगितलं, तो तिथं उभा होता. त्यानंतर सांगायचं तर एका खोट्याबरोबर एक मारही माझ्या नावावर आला होता. मी गप्प राहिलो. एक वर्ष गप्प राहिलं की दुसरं सोपं जातं.

बँड मोडला. देवानंदनं गिटार छताला टांगली आणि जीप घेतली. कारंजा ते कामरगाव रोज चार फेऱ्या. विकासचं पाण्याच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. देवा तिथून जाताना हॉर्न वाजवत नाही, मानही वळवत नाही.

नानीला ठाऊक होतं. तिच्यासमोरच मी बोळे कोंबले होते. ती दरवर्षी ऊसतोडीला निघताना एकदा म्हणायची, “सांगून टाका.” मी म्हणायचो, “आल्यावर.” सहा वर्षांपूर्वी ती गेली. ती कॅसेट मी कधीमधी लावायचो. आधी रीता, मग नानी, परत रीता, परत नानी. आणि अगदी शेवटी, ढावलो संपून फीत उरते तिथं, दोनेक मिनिटं ड्रम आणि गिटार आणि देवाचा तरणा आवाज. तेवढं पुसलं गेलं नव्हतं. तिथं आलो की मी टेप बंद करायचो.

सत्तरीत शाळेच्या गुरुजींनी आम्हा म्हाताऱ्यांचा साक्षरता वर्ग घेतला. परीक्षा झाली, पास झालो. लोकांनी एसटीची पाटी वाचली, सातबारा वाचला. मी घरी येऊन पेटी उघडली आणि कॅसेटीवरचं वाचलं. निळ्या पेनानं, अक्षर ठळक:

‘रातपाळी. देवा, एकच हाय. जपून ठेव. यावर काही भरू नको. विकास.’

चोवीस वर्षं ते तिथंच होतं. मी ती उलटी करून पेटीत ठेवली.

या उन्हाळ्यात राखीनं दिवसपाळी शोधायला घेतली. तांड्यातल्या प्रत्येक घरात जुन्या कॅसेटी धुंडाळल्या, मीही तिच्यासोबत फिरलो. प्रत्येकीवर भजन नाही तर लेंगी. “आबाजी, आपल्या तांड्यानं पुरा अल्बम खाऊन टाकला!” ती हसत होती. हेमसिंगची म्हैस ऐकून तर लोळायची बाकी राहिली. शेवटी रिठदला मुन्नाच्या घरी एक मिळाली, तिच्यावर कोणी काही भरलं नव्हतं, तिनं ती मोबाइलवर चढवली. कुठली कुठली पोरं ऐकायला लागली. पुण्याच्या एकानं लिहिलं, यांचा दुसरा असेल तर ही जोडी वरच्या पाचात जाईल.

राखीनं बापाला विचारलं. देवानंद जेवत होता. “इकास्यानं इकली,” तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

“मी जाते त्यायच्याकडं,” राखी मला म्हणाली. “तुमी चाला संगं. तुमी मोठे हा, तुमच्यापुढं खोटं नाई बोलनार ते.”

नाही कसं म्हणायचं? सदऱ्याच्या आतल्या खिशात मी कॅसेट ठेवली. द्यायची असं काही ठरवलं नव्हतं. घरी ठेवायची भीती वाटली, एवढंच. देवानंदच्या जीपऐवजी आम्ही एसटीनं गेलो.

विकास दुकानात जळक्या मोटारीतून तांब्याची तार उपसत बसला होता. केस सगळे पांढरे. मला बघून उठला, हात पुसले, पाया पडला.

“या काका. बसा. आन ही कोन?”

“देवानंदची पोरगी. राखी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “नाक बापाचंच हाय,” म्हणाला. “गाते काय?”

“नाई, यादी करते,” राखी म्हणाली. तिनं मोबाइल काढून सगळं सांगितलं. लागोपाठ दोन, सातवा नंबर, रिकामी जागा. विकास लक्ष देऊन ऐकत होता. मधेच त्यानं एका विलायती बँडचं नाव घेऊन विचारलं, तो कितवा? राखी म्हणाली तिसरा. “तिसरा? डोकं फिरलं काय तुह्यं? पहिला पाह्यजे!” मग दोघांची तिथंच जुंपली. चहा आला. मला वाटलं, आता इथंच थांबावं.

“काकाजी,” राखी म्हणाली, “रातपाळीचं काय झालं?”

विकासनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. सव्वीस वर्षांत तो माझ्याकडे असा पहिल्यांदाच बघत होता, कारण इतक्या वर्षांत मीच त्याच्यासमोर आलो नव्हतो. मी चहाच्या कपाकडे बघायला लागलो. आता तो बोलेल असं वाटलं. बोलावं असंही वाटलं.

“हरवली, बाई,” विकास म्हणाला. “माह्याचकडून हरवली असन. सायकलवर होतो, खिसा फाटका. तुह्या बापाले म्हन, इकासची चूक झाली.”

त्यानं तार उचलली आणि परत उपसायला लागला.

राखी निराश होऊन मोबाइल पिशवीत टाकत होती. मी कप खाली ठेवला.  आतल्या खिशातून कॅसेट काढून मी त्याच्या मोटारीवर ठेवली.

“इकास, तुनं मले देली होती. मांडवात. हातात.”

 राखीनं कॅसेट उचलली, लेबल वाचलं. परत वाचलं. भोकांतले लग्नपत्रिकेचे बोळे अजून तसेच होते, पिवळे पडलेले.

“आबाजी, मी दोन महिन्यांपासून घरोघर फिरून राह्यली. तुमी माह्यासंगं फिरले. आन हे तुमच्या पेटीत होतं?”

“हो.”

“काहून?”

मी सगळं सांगितलं. जसं वर लिहिलंय तसंच, काही कमी न करता.  संपल्यावर विकास म्हणाला, “काका, मी इतकी वर्सं एकच इचार करत होतो. काका इसरले का खोटं बोलले. नानीच्या हातच्या भाकरी खाल्ल्या होत्या ना, म्हनून इसरले असतीन असंच धरून चाललो. आज आपल्या तोंडानं सांगितलं तुमी की इसरले नव्हते.”

“मले माफ कर,” मी म्हणालो.

“पाहू,” तो म्हणाला.

मग त्यानं फळीवरून जुना टेप काढला, पुसला, कॅसेट घातली. रीताचा सूर लागला, मग नानीचा. ते सगळं त्यानं ऐकलं, पुढं सरकवलं नाही. नानी गेली तेव्हा राखी शाळेत होती. ती तोंडावर ओढणी धरून बसली. बाजू उलटवली. ढावलो संपला, फीत नुसती खरखरली, आणि एकदम ड्रम आला. विकासचा गुडघा आपोआप हलायला लागला. दोन मिनिटं. खट् करून बटन वर आलं.

“शेवटच्या गान्याचा शेवट हाय,” तो म्हणाला. “इथं देवा चुकला होता सुरात. म्हने, राहू दे, असंच पाह्यजे.” कॅसेट काढून त्यानं माझ्या हातात दिली. “आता देवाच्या हातात द्या. हातातच. मी त्याले काई सांगनार नाई. तुमीच सांगा.”

संध्याकाळी देवानंद अंगणात जीप धूत होता. मी लेबल वर करून कॅसेट त्याच्यापुढे धरली. त्यानं विकासचं अक्षर ओळखलं. पाइप खाली पडला, पाणी वाहत राहिलं. मी बोलत होतो तोवर तो लेबलच वाचत होता.

“मी त्याले बसस्टँडवर मारलं, काका,” तो म्हणाला. “तुमच्या शब्दावर मारलं.”

“माहीत हाय मले.”

“त्यानं हात नाई उचलला. मले वाटलं, चोर हाय म्हनून नाई उचलत.”

 त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. राखीला म्हणाला, “इकासचा नंबर हाय काय तुह्याकडं?” नंबर घेतला, पण त्या दिवशी लावला नाही. कॅसेट घेऊन आत गेला. माझ्या तोंडाशी आलं होतं की देवा, तिच्यावर नानीचा आवाज आहे, दुसरीकडे कुठं नाही. पण तिच्यावर आधी कोणाचा आवाज होता हे आठवलं आणि मी गप्प राहिलो. या वेळचं गप्प राहणं वेगळं होतं.

आता महिना झाला. राखी अमरावतीला गेली. जाताना तिनं यादीतली रिकामी जागा भरली. रातपाळी, दोन मिनिटं. वरच्या पाचात ती जोडी गेली नाही. नियमात बसत नाही म्हणे. देवानंद मला जेवायला हाक मारतो, पण काका म्हणत नाही. “जेवन तयार हाय,” एवढंच म्हणतो. हेमसिंग सांगतो की दोन-तीनदा त्याची जीप विकासच्या दुकानाजवळ हळू झालेली दिसली. थांबली नाही.

दुपारच्या फेरीनंतर देवा आतल्या खोलीत टेप लावतो. त्याला तेवढी शेवटची दोन मिनिटंच ऐकायची असतात. ती संपली की तो फीत मागे घेतो आणि परत लावतो. कधी अंदाज चुकतो, फीत जरा जास्त मागे जाते. मग ड्रमच्या आधी नानीचे दोन शब्द येतात. लेकीचं नाव आणि त्यापुढचा हुंदका. मी भिंतीच्या या बाजूला बसलेला असतो. त्याचा अंदाज चुकावा म्हणून वाट बघतो, आणि वाट बघतो याचीही लाज वाटते.